मुदतीचं घर

घरमालकाचा फोन आला तेव्हा तेजल खैरनार सहावी ‘ब’च्या वह्या तपासत बसली होती. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, त्याला खोल्या हव्या होत्या, त्यामुळे अकरा महिन्यांचा करार यंदा पुढे वाढणार नव्हता. “तुम्ही माणसं चांगली आहात हो ताई, पण काय करणार,” एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

तेजलनं उरलेल्या वह्या तपासल्या आणि मग माळ्यावरची खोकी खाली काढली. खोकी टाकून द्यायची नाहीत, हे ती एव्हाना शिकली होती. लग्न झाल्यापासून नाशकात त्यांची पाच घरं बदलून झाली होती. अकरा वर्षांची मुक्ता आता तक्रारसुद्धा करत नसे. गेल्या वेळी तर तिनं स्वतःच्या पुस्तकांचं एक खोकं उघडलंच नव्हतं. “परत भरायचंच आहे ना,” असं म्हणाली होती.

भूषण संध्याकाळी कामावरून आला. तो लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक होता. गंगापूर रोडपासून पार आडगावपर्यंत जे उंच उंच टॉवर उभे राहत होते, त्यांतल्या निम्म्यांच्या लिफ्टला त्याचा हात लागलेला होता. नव्या इमारतीत सगळ्यांत आधी वरच्या मजल्यावर पोचणारा माणूस तोच असे. पण त्यातला एकही फ्लॅट त्याच्या आवाक्यातला नव्हता. कोणतीही बँक घराच्या किमतीचा पाचवा हिस्सा आधी आणा म्हणे, आणि त्यांनी साठवलेलं होतं-नव्हतं ते तेजलच्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात गेलं होतं.

“त्या दीर्घावाल्यांकडे जाऊन येऊ या का?” भूषण बूट काढता काढता म्हणाला. “आमच्यातल्या दोघांना मिळालं घर. आधी काहीच भरायला लागत नाही. रक्त घेतात फक्त.”

तेजलला हसू आलं. “आतापर्यंत नुसतं म्हणायचे लोक, रक्त आटवून घर घेतलं म्हणून.”

दीर्घा गृहवित्त ही संस्था निघून तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. तिच्या धंद्याच्या मुळाशी असलेलं विज्ञान मात्र त्याहून बरंच जुनं होतं. आपल्या पेशींतला डीएनए जन्मापासून मरेपर्यंत जवळजवळ तोच राहतो, पण त्याच्यावर मिथाइल नावाच्या बारीक रेणूंच्या खुणा पडत जातात. पुस्तकातला मजकूर तोच, पण समासात कुणी पेन्सिलीनं ‘हे वाचा’, ‘हे गाळा’ असं लिहीत जावं, तसं. कोणत्या जागी खूण आहे आणि कोणत्या जागची पुसली गेली, हे पाहून त्या शरीराचं खरं वय काढता येतं. एखादा पन्नाशीचा माणूस आतून चाळिशीचा निघतो, तर एखादा तिशीतला पंचेचाळिशीचा. वय कोणत्या वेगानं वाढतंय ते कळलं, की हे शरीर आणखी किती वर्षं कामाचं राहील याचा अंदाज बांधता येतो. लाखो लोकांच्या नमुन्यांवर पारखलेला हा अंदाज आता बराच नेमका येऊ लागला होता. दीर्घानं एवढंच ओळखलं की ज्याच्याकडे पैशांची शिल्लक नाही त्याच्याकडे आयुष्याची शिल्लक असू शकते, आणि तीही तारण म्हणून धरता येते.

दोघांनी रक्त दिलं. आठवड्यानं कॉलेज रोडवरच्या ऑफिसातून बोलावणं आलं. समोर बसलेला सोनजे नावाचा तरुण फार सभ्य होता. त्यानं आधी पाणी मागवलं, चहा विचारला, मग समोरचा संगणकाचा पडदा स्वतःकडे वळवून घेतला.

“मॅडमच्या एकटीच्या नावावर चोवीस वर्षांची मुदत बसते. हप्ता तुम्हाला झेपेल असाच येईल,” तो म्हणाला.

“आणि दोघांच्या नावावर?” भूषणनं विचारलं. “माझा पगार तिच्यापेक्षा जास्त आहे.”

“जोडीनं घेतलंत तर सात वर्षं.”

“सात? उलट वाढायला पाहिजे ना?”

“सर, घरात ज्याची मुदत सगळ्यांत कमी, तीच घराची मुदत धरतो आम्ही.”

खोलीत एसीचा आवाज येत होता. तेजलनं भूषणकडे पाहिलं नाही. तो तेव्हा अडतीस वर्षांचा होता, आणि लिफ्ट बंद पडली तर अवजारांची पेटी घेऊन पंधरा मजले चढून जायचा.

“म्हणजे मला काय होणार आहे?” त्यानं विचारलं.

“ते मला सांगता येत नाही सर. कायद्यानं बंदी आहे. कुणाच्या तब्येतीबद्दल आम्ही काहीही बोलत नाही, फक्त कर्जाची मुदत सांगतो.”

“सांगितलंत की मग,” भूषण म्हणाला.

सात वर्षांत फेडायचं तर हप्ता दोघांच्या पगाराबाहेर जात होता. तेजलनं विचारलं, कर्ज माझ्या एकटीच्या नावावर घेतलं आणि हे नुसते घरात राहिले तर? त्यावर सोनजेनं मान हलवली. घरात राहणारा प्रत्येक मोठा माणूस हिशेबात धरला जायचा. घरात मोठं आजारपण आलं की सगळ्यांत आधी हप्ता थकतो, असा संस्थेचा अनुभव होता.

येताना ते एका रसवंतीवर थांबले. उसाच्या रसाचे ग्लास समोर आले आणि तसेच राहिले.

“मशीनचं काय ऐकायचं,” तेजल म्हणाली. “आपण डॉक्टरला दाखवू. सगळ्या तपासण्या करू.”

सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय, यकृत, फुप्फुसं, सगळं व्यवस्थित होतं. डॉक्टर म्हणाले, काही सापडत नाही, आणि लगेच पुढे म्हणाले, पण हे घड्याळ आजार सांगतच नाही, वेग सांगतं. गाडी कुठं आदळेल ते सांगत नाही, ब्रेक नाहीत एवढंच सांगतं. ‘अजून काही सापडत नाही’ यातला ‘अजून’ तेजलच्या मनात रुतून बसला.

खोल्या सोडायची तारीख जवळ आली तसा विषय भूषणनंच काढला.

“आपण वेगळे होऊ. कोर्टातून.”

“वेडा झालास का?”

“कागदावर गं. घर तुझ्या नावावर होईल. मी जवळपास कुठंतरी राहीन, रोज येईन. मला जर सातच वर्षं असतील, तर त्यानंतर तुम्ही दोघी दर अकरा महिन्यांनी खोकी घेऊन फिरायचं? त्यापेक्षा मी असतानाच तुमचं घर झालेलं मला बघू दे.”

तेजल पुष्कळ भांडली. दोन दिवस जेवली नाही. शेवटी मुक्ताचं ते न उघडलेलं खोकं तिच्या नजरेसमोर आलं आणि ती गप्प झाली. सोनजेला विचारलं, तर तो खालच्या आवाजात म्हणाला, “मी असा सल्ला देऊ शकत नाही. पण बरेच जण करतात.”

परस्पर संमतीचा घटस्फोट तोवर फार सोपा झाला होता. न्यायाधीश बाईंनी कारण विचारलं. वकिलानं पढवल्याप्रमाणे तेजल म्हणाली, “आमचं पटत नाही.” बाईंनी चष्म्यावरून भूषणकडे पाहिलं. “म्हणजे नेमकं काय?” या प्रश्नाची तयारी झाली नव्हती. भूषण गडबडला आणि जे सुचलं ते बोलून गेला, “ती माझ्याशी बोलत नाही. मी घरात असलो काय आणि नसलो काय, तिला फरक पडत नाही.”

बाहेर आल्यावर दोघं पायऱ्यांवर हसत सुटले. “काय पण कारण!” असं म्हणत तेजलनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग हसता हसता तिनं त्याची बाही घट्ट धरली आणि रिक्षा येईपर्यंत सोडली नाही.

घर मिळालं. म्हसरूळच्या पुढे, नवव्या मजल्यावर, दोन बेडरूमचं. मुक्तानं स्वतःच्या खोलीची भिंत हिरवी मागितली, भूषणनं ती स्वतः रंगवली. फळ्या ठोकल्या, पंखे बसवले, गॅलरीला जाळी लावली. त्याची आई इंदूबाई निफाडहून पूजेला आली. तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की भूषणची साइट लांब आहे म्हणून तो अंबडला मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. पूजा झाल्यावर तिनं घरभर हात फिरवला. “माझ्या पोरानं बांधलं,” ती शेजारणीला सांगत होती.

सोसायटीच्या फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र होतं. कोण कधी आलं, कधी गेलं, मुक्कामाला किती रात्री राहिलं, सगळं त्यात नोंदलं जायचं. महिन्यात पाचपेक्षा जास्त रात्री झाल्या तर तो माणूस घरातला धरला जाई आणि कर्जाची फेरतपासणी निघे. म्हणून भूषण दिवेलागणीला निघायचा. सुरुवातीला तो रोज यायचा. पण जवळपास परवडणारी खोली मिळाली नव्हती, आणि अंबडहून म्हसरूळ म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक. हळूहळू तो दिवसाआड येऊ लागला, मग रविवारी.

येईल तेव्हा त्याचं कौतुक व्हायचं. तेजल त्याच्या आवडीचं रांधायची. तो उशिरा आला तरी ती काही बोलत नसे. चिखलाचे बूट घेऊन आत आला तरी नाही, मुक्तानं सांगितलेलं पुस्तक आणायला विसरला तरी नाही.

“तू माझ्याशी भांडतच नाहीस हल्ली,” एकदा तो म्हणाला.

“कशाला भांडायचं,” तेजल म्हणाली आणि त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. त्याला ती नको होती. त्यानं मुकाट्यानं खाल्ली.

पहिल्याच वर्षी त्यानं सुपरवायझरचा कोर्स सोडला. तीन वर्षांचा कोर्स, मग उमेदवारी, मग बढती. “कुणासाठी?” असं त्यानं सोबतच्या मेकॅनिकला विचारलं आणि फीचे पैसे मुक्ताच्या नावानं टाकले. दात दुखायचा तर तो गोळी घ्यायचा. नवे कपडे त्यानं घेतलेच नाहीत. कंपनीत कुजबूज झाली होती. कुणी त्याला अवघड पाळी देत नसे, कुणी त्याच्याकडून उसने घेत नसे आणि त्याला देतही नसे. माणसं त्याच्याशी हळू आवाजात बोलत.

मुक्ता तेरा वर्षांची झाल्यावर दोघांनी तिला खरं काय ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला, “आईचं चोवीस ना?” त्यानंतर ती बाबाला बिलगायची बंद झाली. तो आला की पाणी द्यायची, शाळेचं सांगायची, आणि मग अभ्यास आहे म्हणून आपल्या खोलीत जायची. भूषणला राग आला नाही. तो तेजलला म्हणाला, “शहाणी आहे. आत्तापासून सवय करून घेतेय.”

चौथ्या वर्षी वैद्यकीय विद्यापीठातल्या एका संशोधन गटानं निफाड-दिंडोरी पट्ट्यात रक्ताचे नमुने गोळा करायला सुरुवात केली. गटाच्या प्रमुख डॉ. वैदेही कर्डिले यांना एक गोष्ट खटकली होती. दीर्घासारख्या संस्थांनी कमी मुदत दिलेली माणसं राज्याच्या नकाशावर विखुरलेली नव्हती. त्यांचा एक घट्ट पुंजका द्राक्षमळ्यांच्या भागात होता. शिवाय त्यांतल्या फार थोड्यांना प्रत्यक्ष काही आजार झाला होता. गटाच्या यादीत भूषणचं नाव निघालं. त्यांचा फोन आला तेव्हा ‘आणखी काय निघायचं राहिलंय’ म्हणत तो रक्त देऊन आला.

महिन्याभरानं डॉ. कर्डिलेंनी त्याला बोलावलं. इंदूबाई स्वतःच्या तपासणीसाठी त्याच्याकडे आली होती, तीही सोबत गेली.

“तुमचा जन्म कुठला?” डॉक्टरांनी विचारलं.

“निफाडजवळचा. आई मळ्यावर कामाला होती.”

“गरोदरपणातही?”

“मग काय घरी बसते?” इंदूबाई म्हणाली. “फवाऱ्याच्या मागं मागं वेल सारायचं काम असायचं. आठवा लागला तरी जात होते.”

मग डॉक्टरांनी भूषणला समजावून सांगितलं. डीएनएवरच्या खुणा वयानं पडतात, तशाच विषानंही पडतात. त्या काळी मळ्यांत वापरलेल्या एका औषधानं पोटातल्या बाळांच्या डीएनएवर अशा खुणा पाडल्या होत्या, आणि त्या नेमक्या म्हातारपणी पडतात त्याच जागी होत्या. यंत्र पारखलं गेलं होतं मोठ्या शहरांतल्या आणि परदेशांतल्या रक्तावर. द्राक्षमळ्यात जन्मलेलं रक्त त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. एवढ्या खुणा दिसल्यावर त्यानं धरून चाललं, की त्या वर्षानुवर्षं साचत आल्या आणि पुढेही याच वेगानं साचत जातील.

“प्रत्यक्षात त्या सगळ्या जन्माआधीच पडल्या आणि तिथंच थांबल्या,” त्या म्हणाल्या. “दीर्घाकडचा तुमचा जुना नमुना आम्ही मागवला. आताच्या नमुन्याशी ताडून पाहिला. चार वर्षांत जेवढ्या वाढायला हव्यात तेवढ्याच वाढल्यात. तुमचं घड्याळ अगदी सावकाश चालतंय, भूषणराव. तुम्ही पंचाहत्तरी सहज ओलांडाल.”

भूषणला काहीतरी वाटायला हवं होतं, पण डोक्यात फक्त सोडलेला कोर्स येत होता.

“हे दीर्घाचं काय म्हणताहेत बाई?” इंदूबाईनं विचारलं. मग त्याला सगळंच सांगावं लागलं. कोर्टाचंही सांगावं लागलं. ती बाहेरच्या बाकावर ऐकत बसली, आणि मग बोलली, “म्हणजे मी मळ्यात गेले म्हणून तुझं घर मोडलं?”

“मोडलं कुठं आई,” तो म्हणाला. “घर तर झालं.”

तो पेढे घेऊनच म्हसरूळला गेला. वार रविवार नव्हता, तेजलला दारात त्याला पाहून धस्स झालं. त्यानं सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, खरं ना, नक्की ना. मग तोंडावर हात दाबून ती खाली बसली. मुक्ता खोलीतून बाहेर आली, तिला कळलं, आणि तिनं दोन वर्षांत पहिल्यांदा बाबाच्या गळ्यात हात टाकले. त्या दुपारी तिघं एकाच ताटात जेवले. भूषण सारखा बोलत होता. खिडकीची कडी बदलायला हवी, मुक्ताला सायकल घ्यायला हवी, आपण परत कोर्टात जाऊन लग्न लावू, या वेळी पाहुणे बोलावू. तेजल हसून हो म्हणत होती. दिवे लागले तसा तो सवयीनं उठला, आणि तिनंही सवयीनं त्याचं जॅकेट आणून दिलं. जॅकेट हातात घेतल्यावर तो क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, “कर्जाचं विचारून घेऊ आधी.”

भेटीची वेळ दोन महिन्यांनी मिळाली. सोनजेला आता बढती मिळाली होती. त्यानं यावेळीही पाणी मागवलं. डॉ. कर्डिलेंचा अहवाल तोवर जाहीर झाला होता; त्यानं तो वाचला होता, सगळ्यांनीच वाचला होता. त्याच्यामुळेच तर सरकारनं रक्ताच्या तारणावर नवीन कर्जं द्यायला बंदी घातली होती.

“जुनी कर्जं चालू राहतील,” तो म्हणाला. “मॅडमच्या कर्जाला काही धक्का नाही. पण सर घरात आले की कुटुंब बदललं, म्हणजे कर्ज नव्यानं करावं लागेल. नव्यानं करायचं तर आता पूर्वीसारखंच. पाचवा हिस्सा आधी भरायचा.”

“आणि तुमच्या मशीननं चूक केली त्याचं काय?”

“सर, आम्ही तब्येतीबद्दल काहीच सांगितलं नव्हतं,” सोनजे म्हणाला. तो मान खाली घालून बोलत होता. त्याला खरोखर वाईट वाटत असावं. “आम्ही फक्त मुदत सांगितली होती.”

पाचवा हिस्सा त्यांच्याकडे तेव्हाही नव्हता, आणि हप्ते भरता भरता आताही नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी मुक्ता क्लासला गेल्यावर भूषणनं विषय काढला. तेजल ओटा पुसत होती.

“घर विकून टाकू. तुझं कर्ज फिटेल. उरेल ते उरेल. अंबडला नाहीतर पाथर्डीला दोन खोल्या भाड्यानं घेऊ. राहू की तिघं.”

“मुक्ताची दहावी आहे.”

“दहावीनंतर.”

“मग अकरावीचं बघावं लागेल, कुठं मिळते ते.”

“तेजल, ओटा स्वच्छ झालाय. इकडे बघून बोल.”

तिनं फडकं पिळून वाळत टाकलं.

“तुला घर सोडवत नाहीये, का मी नकोय?” त्यानं विचारलं.

“असं काय बोलतोस.”

“मग कसं बोलू? भांड तरी! चार वर्षं नुसती वाढतेस मला. देवाला नैवेद्य दाखवावा तशी.”

“मग काय करायला हवं होतं मी?” तेजलचा आवाज चढला. “सात वर्षांचा माणूस, त्याच्याशी बुटांवरून भांडू? ओल्या टॉवेलवरून भांडू?” ती खुर्चीवर बसली. पुढचं ती हळू बोलली. “पहिल्या वर्षी मी रोज रडायचे. शाळेच्या प्रयोगशाळेचं दार लावून रडायचे. दुसऱ्या वर्षी ठरवलं, की तुझ्या आईला आपल्याकडे आणायचं, मुक्ताला लांब शिकायला पाठवायचं, मी पुन्हा लग्न करायचं नाही. सगळं ठरवलं. तुझा कुठला फोटो लावायचा तेही ठरवलं. मागच्या वर्षी एकदा भाजी घेताना लक्षात आलं, की सकाळपासून तुझी आठवणच आली नाही. आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही रे. मी तुला पोचवून आले, भूषण. तू जिवंत असताना पोचवून आले. आता तू परत आलास. मला आनंद होतो, खरंच होतो. पण शेजारणीचा नवरा दुखण्यातून उठला तर होईल, तसा होतो.”

भूषण उभाच होता. खाली पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा गलका वर येत होता.

“हे मला कधी सांगणार होतीस?”

“तू जाईपर्यंत सांगायची वेळच येणार नव्हती.”

तो गॅलरीत जाऊन आला. आत येऊन खुर्चीवर बसला. मग म्हणाला, “तू खोटं बोलू शकली असतीस. कोर्टात बोललो तसं.”

“बोलून बघणार होते. आठवडाभर तोच प्रयत्न करत होते.”

त्यानंतर दोन रविवार तो आला नाही. फोन केला की कामात आहे म्हणायचा. तिसऱ्या रविवारी तेजल स्वतः अंबडला गेली. चार वर्षांत ती त्याच्या खोलीवर एकदाही गेली नव्हती. मित्रांबरोबरची खोली त्यानं सोडली होती. त्याच गल्लीत वरच्या मजल्यावर एक स्वतंत्र खोली घेतली होती. एक नवी लोखंडी कॉट होती, जाड गादी होती, लहानसा फ्रीज होता. भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर होतं.

तिला पाहून तो खुश झाला. त्यानं चहा टाकला. सुपरवायझरच्या कोर्सला आता वयाची अट आडवी येत होती, हे त्यानं सहज, बातमी द्यावी तसं सांगितलं. खोलीचा भाडेकरार त्यानं मालकाच्या पाठी लागून पाच वर्षांचा करून घेतला होता.

“गादी छान आहे,” तेजल म्हणाली.

“आता पस्तीस-चाळीस वर्षं काढायचीत,” तो म्हणाला. “पाठ सांभाळायला पाहिजे.”

ती त्याच्या कॉटवर बसून चहा प्यायली. त्याचा हात हातात घ्यावा असं तिच्या मनात आलं. तिनं घेतलाही. तो कामकरी माणसाचा उबदार, खरबरीत हात होता. दोघांनीही वाट पाहिली. मग त्यानंच हलकेच सोडवून घेतला आणि कप विसळायला उठला.

“रविवारी येत जा,” निघताना ती म्हणाली. “मुक्ता वाट बघते.”

“येईन. तुम्हाला अडचण नसेल तर.”

‘तुम्हाला’ म्हणजे दोघींना, की तिला एकटीलाच, हे तिनं विचारलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा मुक्ता गॅलरीत भूगोल वाचत बसली होती. समोरच्या मोकळ्या जागेवर नव्या टॉवरचा पाया खणणं चालू होतं.

“बाबा नाही आले?”

“नाही. पुढच्या रविवारी येणारेत.”

“राहायला कधी येणार?”

तेजलनं पर्स खुंटीला लावली. “रविवारी येत जातील,” ती म्हणाली.

मुक्तानं पुस्तकात बोट घालून ते मिटलं. पूर्वी वर्षांचा हिशेब ती मनातल्या मनात करत असे, आता तिनं मोठ्यानं विचारलं, “असं किती वर्षं?”

“पुष्कळ,” तेजल म्हणाली, आणि गॅलरीतले वाळलेले कपडे काढू लागली.